'कॅसिओ' नावाची पेटी

आपल्या पिढीच्या मराठीत 'कॅसिओ' हे विशेषनाम राहिलंच नव्हतं. वनस्पती तुपाला जसं डालडा, छायाप्रतीला जसं झेरॉक्स, तसं पट्ट्या आणि बटणं असलेल्या, विजेवर वाजणाऱ्या कुठल्याही वाद्याला कॅसिओ. "त्यांच्याकडे यामाहाचा कॅसिओ आहे" हे वाक्य मी कर्वेनगरात स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि तिथे बसलेल्यांपैकी कुणालाही त्यात काही खटकलं नव्हतं.

या लेखात मला त्या कॅसिओचा इतिहास सांगायचा आहे. शाळेच्या इमारतीचा, मुख्याध्यापकांचा आणि निकालांचा इतिहास सांगायला माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी आपल्यात आहेत. कॅसिओचा मात्र कुणी लिहिणार नाही. आणि तरी नव्वदच्या आगेमागे आपल्या भागात वाढलेल्या कितीतरी मुलामुलींच्या हाताला लागलेलं पहिलं वाद्य तेच होतं. त्याबद्दल घरातल्या मोठ्यांचा एक ठरलेला शेरा असे: "वाजतंय छान, पण हे काही खरं वाद्य नव्हे." या शेऱ्याचा पुढे मला माग काढावासा वाटला. तो काढता काढता मी जिथे पोहोचलो तिथे कॅसिओ नव्हताच. तिथे आपल्या प्रार्थनेची पेटी होती.

पेटी आपल्याला इतकी घरची वाटते की ती बाहेरून आली हे विसरायलाच होतं. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियम तयार केली. साहेबांच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून ती हिंदुस्थानात आली, तेव्हा ती पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायची होती. आपलं गाणं जमिनीवर बसून चालणारं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताचा भाता बसवून बैठकीत आणलं. महाराष्ट्रात तिला मोठं केलं ते नाटकांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नाटकाच्या साथीत पेटी आणि पायाचा ऑर्गन असे ठाण मांडून बसले की त्यांच्याशिवाय नाट्यपद ऐकायचं तर चुकल्याचुकल्यासारखं व्हावं. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे हे मुळात नाव कमावलेले पेटीवादकच होते.

पण ज्यांना गाण्यातलं कळत होतं त्यांच्यातले पुष्कळजण पेटीवर नाराज होते, आणि त्यांची नाराजी पोकळ नव्हती. पेटीवर मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, ओघळत जाता येत नाही. उडी मारावी लागते. शिवाय तिचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. सप्तकाचे १२०० भाग पाडले (त्या भागाला सेंट म्हणतात) तर पेटीची प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपासून बरोबर १०० सेंटवर. आता तंबोरा नीट लागला की त्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप एक गंधार ऐकू येतो. तो येतो साधारण ३८६ वर. पेटीचा गंधार ४०० वर. म्हणजे १४ सेंटनी चढा. शुद्ध धैवत तर जवळजवळ १६ सेंटनी चढा. तयार कानाला हे दुखतं, अगदी चपलेत खडा असावा तसं.

या दुखण्यावर पहिले मोठे उपचार आपल्याच मुलखात झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केलं. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्याबरोबर होते, आणि श्रुतींच्या प्रयोगांत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची मदत होती. त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचं प्रात्यक्षिकही झालं. वाद झाले, मतं पडली, पण गावोगावच्या पेटीवाल्यांनी काही ती घेतली नाही. बारा पट्ट्या पुरतात म्हणणारे तेव्हाही बहुसंख्य होते.

मग आला मोठा तडाखा. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. साथीलासुद्धा पेटी नको. रवींद्रनाथ टागोरांचा पेटीला विरोध होता, रेडिओवरच्या इंग्रज संगीत-अधिकाऱ्यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं होतं, आणि स्वराज्य आल्यावरही ही बंदी तशीच राहिली. १९७१ साली ती काही अटींवर सैल होऊ लागली. तीस वर्षं! याच मधल्या काळात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरी करत होते. पु.लं.ची पेटी ज्यांनी ऐकली आहे त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

रेडिओने पेटी बाहेर ठेवली त्याच वर्षांत ती शाळाशाळांत, भजनी मंडळांत, कीर्तनात, घरोघरी मुलींना गाणं शिकवायला राजरोस बसलेली होती. सवाई गंधर्व महोत्सवात पुण्याच्याच अप्पा जळगावकरांची साथ ऐकायला लोक कान टवकारून बसत. बंदी उठली ती पेटीचे स्वर सुधारले म्हणून नव्हे. पेटीशिवाय चालतच नव्हतं म्हणून. तेव्हा आपल्या आजोबांनी कॅसिओला "खरं वाद्य नव्हे" म्हटलं, तो शेरा त्यांच्या वडिलांच्या पिढीने पेटीला दिलेलाच होता. फक्त मधल्या काळात पेटी घरची झाली होती.

आता कॅसिओकडे येतो. ही कंपनी मुळात वाद्यांची नव्हेच. काशिओ ताडाओ यांनी १९४६ साली तोक्योत छोटा कारखाना काढला, त्यांचे तीन भाऊ त्यात आले, आणि १९५७ साली त्यांनी विजेवर चालणारं गणकयंत्र बाजारात आणलं. कॅलक्युलेटर आणि घड्याळं यांतून जे इलेक्ट्रॉनिक्स हाताशी आलं, ते भावांपैकी तोशिओ यांनी संगीताकडे वळवलं. वाद्य शिकायला वर्षं लागतात, तर ज्याला शिकायला वेळ नाही त्यालाही वाजवण्याचा आनंद मिळावा, असा त्यांचा हेतू. जानेवारी १९८० मध्ये 'कॅसिओटोन २०१' निघाला: ४९ पट्ट्या आणि २९ वेगवेगळे आवाज. त्याच सुमाराला त्यांनी 'व्हीएल-१' नावाचं एक खेळणंवजा यंत्र काढलं. ते एकाच वेळी वाद्यही होतं आणि कॅलक्युलेटरही. आवाज कसा चढावा, कसा विरावा हे त्यात आकडे दाबून ठरवता येई. गणिताच्या सरांना आणि संगीताच्या बाईंना एकत्र बसवल्यासारखं.

स्वस्त म्हणजे हलकं, असं मानणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. १९८१ च्या 'एमटी-४०' या छोट्या कॅसिओत जे तयार ठेके होते, ते बसवण्याचं काम ओकुदा हिरोको या नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलीकडे होतं. तिचा अभ्यास जमैकाच्या रेगे संगीताचा. तिने बसवलेला 'रॉक' ठेका जमैकात कुणाच्या तरी हाती लागला, १९८५ साली वेन स्मिथ या गायकाच्या गाण्याखाली तो जसाच्या तसा वाजला, आणि त्या बेटावरचं सगळं लोकप्रिय संगीत त्या ठेक्याने बदलून टाकलं. एका स्वस्त यंत्रातलं एक बटण. आपल्याकडे तसं काही झालं नाही, आणि ते का झालं नाही याचं उत्तर मला वाटतं आपल्या तालांत आहे. त्याकडे येतोच.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर १९७० च्या दशकातच केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी आणला होता. पुण्यात इनॉक डॅनियल्स यांचा ॲकॉर्डियन ऐकून वाढलेली पिढी होती. त्यामुळे 'पेटीसारखं पण पेटी नसलेलं' काही असतं हे लोकांना माहीत होतं. पण ती यंत्रं स्टुडिओतली, ऑर्केस्ट्रावाल्यांची. घरात यायला स्वस्त वस्तू हवी होती आणि घरही तसं हवं होतं.

घर म्हणाल तर आपलं कर्वेनगर त्याच वेळी तयार होत होतं. जुन्या कागदांवर हे गाव हिंगणे बुद्रुक. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते संध्याकाळी चालत हिंगण्याला जात. १९१६ साली महिला विद्यापीठही इथेच सुरू झालं. आसपास मात्र पुढे कित्येक वर्षं शेतंच होती. आपल्यापैकी काहींच्या आईवडिलांनी जागा घेतली तेव्हा नातेवाइकांनी "इतक्या लांब?" म्हणून विचारलं होतं. मग सोसायट्या उठल्या, हिंगणे होम कॉलनी भरली, बँकेतले, टेल्कोतले, किर्लोस्कर कमिन्समधले, शाळा-कॉलेजांत शिकवणारे लोक राहायला आले. दोन खोल्या, फार तर तीन. शेजारच्या घरातला कुकर मोजता येईल इतक्या पातळ भिंती. अशा घरात पेटी ठेवायची तर पलंगाखाली, आणि वाजवायची तर शेजाऱ्यांच्या परीक्षा बघून. कॅसिओ कपाटावर उभा राहत असे. त्याला हेडफोनचं भोक असे. आवाजाचं बटण असे. मध्यमवर्गीय फ्लॅटसाठीच जणू कुणी तो बनवला होता.

सुरुवातीला तो दुकानातून येत नसे, माणसांबरोबर येई. १९९१ पूर्वी परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. मस्कतला, दुबईला नाहीतर अमेरिकेला असलेला काका-मामा येताना बॅगेतून आणे आणि विमानतळावर कस्टमवाले काय म्हणतील याची धाकधूक त्याच्याही आधी आपल्या घरी पोहोचलेली असे. त्यामुळे वस्तू स्वस्तातली असली तरी तिचा मान मोठा होता. पुष्कळ घरांत ती मूळ खोक्यात, थर्माकोलसकट ठेवत आणि पाहुणे आले की बाहेर काढत. आर्थिक धोरण बदललं, आयात सोपी झाली, आणि मग नव्वदीच्या मध्यापासून ती पुण्याच्या दुकानांच्या काचेत दिसू लागली. छोट्या पट्ट्यांचे कॅसिओ, ३२ पट्ट्या आणि १०० आवाज असले, वाढदिवसाची भेट म्हणून येऊ लागले. मोठ्या माणसाचं एक बोट त्यावर दोन पट्ट्यांवर पडे. त्यामुळे ते आपोआप मुलांच्याच मालकीचे झाले.

आता शिकण्याबद्दल. तुमच्याही घरी हा क्रम असाच झाला असेल, बघा आठवून.

पहिला आठवडा 'डेमो'चं बटण. ते दाबलं की यंत्र स्वतःच अशा सफाईने वाजे की समोर बसलेल्याने नुसती बोटं हलवावीत. पाहुण्यांपुढे हा प्रयोग न केलेला मुलगा मला दाखवा. दुसरा आठवडा आवाज: बासरी, व्हायोलिन, ट्रम्पेट, आणि यादीच्या शेवटी पाऊस, घोडा, हेलिकॉप्टर असलं काहीतरी. यातली बासरी बासरीसारखी नव्हती आणि व्हायोलिन तर मुळीच नव्हतं. मग एका बोटाने राष्ट्रगीत. मग एका बोटाने सिनेमातलं गाणं. अप्पा बळवंत चौकात चित्रपटगीतांच्या सारेगमची पातळ पुस्तकं मिळत. ती आणून पट्ट्यांवर स्केचपेनने सा रे ग म लिहायचं. घरात कुणी पेटी शिकलेलं असेल तर इथे पहिला खटका उडे. कारण पुस्तकातला सा पांढरी एक, आईचा सा काळी चार किंवा पाच, आणि वडिलांनी गुणगुणायला घेतलं की काळी एक.

पेटीवर यावर उपाय एकच, बोटं बदलायची. प्रत्येक पट्टीतून वाजवायचं तर काळ्यापांढऱ्यांचा नकाशा दरवेळी नवा. पेटी शिकणाऱ्याची दोन-तीन वर्षं यातच जातात, आणि ती जावीत असंच शिकवणाऱ्यांचं मत असे. स्केल चेंजर पेटी होती, पण ती महाग. कॅसिओच्या जरा बऱ्या मॉडेलांत 'ट्रान्सपोज' नावाचं बटण होतं. ते दाबलं की बोटं पांढरी एकवरच, सूर मात्र काळी चारचा. या एका बटणाबद्दल मला अजून दोन्ही वाटतं. त्याने मुलांना पहिल्या महिन्यात आईच्या गाण्याची साथ करता आली, घरात जी गोष्ट पेटीने वर्षभरात झाली नसती. आणि त्यानेच ती मुलं पुढे एका पट्टीत अडकली. लग्नात, ट्रिपमध्ये कुणी साधी पेटी पुढे केली की ती हात मागे घेत.

डाव्या हाताचं तर आणखीच वेगळं. पेटीत डावा हात भात्यावर. गाणाऱ्याचा जसा श्वास, तसा तो भाता: कुठे भरायचा, कुठे सोडायचा, कुठे नुसता धरून ठेवायचा. पेटीतला जिव्हाळा सगळा तिथे असतो. स्वस्त कॅसिओत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. डावा हात रिकामा. त्या रिकाम्या हाताला कंपनीने काम काढून दिलं होतं, त्याचं नाव 'कॅसिओ कॉर्ड'. डाव्या बाजूची एक पट्टी दाबली की मेजर कॉर्ड, बरोबर आणखी एक दाबली की मायनर, तीन दाबल्या की सेव्हन्थ. खाली ठेका लावला की अख्खा बँड सुरू. हिंदी सिनेमाच्या गाण्यांना हे चपखल बसे. पण त्याच जोरावर एखाद्याने भूपातला अभंग धरला की कॉर्डमधून नको तो मध्यम, नको तो निषाद डोकावे आणि आतल्या खोलीतून आजोबा विचारत, कोण आलंय?

ठेक्यांची यादी तुम्हाला आठवते का? रॉक, डिस्को, स्विंग, वॉल्ट्झ, सांबा, बोसानोव्हा, मार्च. बोसानोव्हा म्हणजे काय हे पूर्ण कर्वेनगरात कुणाला माहीत नव्हतं, पण लय कमी केली की त्यावर केरवा चालतो हा शोध घरोघरी स्वतंत्रपणे लागला होता. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. दोन वेळा मोजला की दादरा. म्हणजे भावगीतांची बरीचशी सोय झाली. पण सात मात्रांचा रूपक? दहा मात्रांचा झपताल? त्यांना कुठलंच बटण नव्हतं. म्हणून मला वाटतं, ओकुदाबाईंच्या ठेक्याने जमैका हलली तसं महाराष्ट्रात काही हलायचं नव्हतं. जमैकाच्या गाण्याला चार मात्रांत राहायला अडचण नव्हती. आपलं अर्धं गाणं त्या यंत्राच्या बाहेरच उभं होतं. रागाच्या ज्या खिडकीतून गाणं बाहेर बघतं ती मींड त्यात नव्हती, समेवर यायचे जे तऱ्हेतऱ्हेचे रस्ते ते नव्हते.

एक गोष्ट मात्र त्या बोसानोव्हाने आम्हाला दिली आणि ती मी हलकी मानत नाही. लय. शाळेच्या गॅदरिंगला तबल्यावर बसलेला मुलगा गाणारी घाईला आली की तिच्याबरोबर पळे, सगळेच पळत, आणि गाणं ठरल्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने लवकर संपे. कॅसिओ कुणासाठी पळत नव्हता आणि थांबतही नव्हता. त्याच्याबरोबर राहायचं तर तुम्हीच स्वतःला धरून ठेवायचं. आमच्यापैकी जे पुढे ऑर्केस्ट्रात, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत वाजवू लागले त्यांची लय पक्की निघाली, आणि ती शिस्त कुठल्या गुरूने नव्हे, त्या भावनाशून्य यंत्राने लावली होती. उलट बाजूही आहे: गाणारी व्यक्ती एखाद्या शब्दावर भावनेने जरा रेंगाळली, तर तिच्यासाठी थांबायला यातले काहीजण फार उशिरा शिकले.

शिकवणारेही हळूहळू उभे राहिले. सुरुवातीला पेटीच्याच बाई कॅसिओ शिकवत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिकेपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा डोळ्यापुढे, त्यामुळे पहिली सूचना अशी की ठेका बंद, डेमो बंद, शंभर आवाजांतला एकच, ऑर्गनचा, आणि त्यावर भूप. मुलांची तोंडं पडत. पण या बायांनी स्वस्त यंत्रातून खरं शिक्षण कसं काढायचं ते बरोबर ओळखलं होतं: त्याच्या नव्वद टक्के करामती झाकून ठेवायच्या. दुसरीकडे पाश्चात्त्य पद्धतीने शिकवणारे आले. ते पाच रेघांचं नोटेशन शिकवत, अंगठा कुठे घालायचा ते सांगत, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या परीक्षांना बसवत. एकाच सोसायटीत, एकाच जिन्यावर, एका मजल्यावर 'सा' आणि दुसऱ्यावर 'सी' अशी दोन घराणी नांदू लागली. एका घरातल्या दोन भावंडांनी दोन्हीकडे क्लास लावल्याचीही उदाहरणं आपल्याच वर्गात आहेत. त्यांना एकत्र वाजवता येत नसे, याचं त्यांच्या आईला भारी वाईट वाटे.

पुढे कंपन्यांनाही कळलं की इथल्या लोकांना सांबा नको आहे. कॅसिओने भारतासाठी वेगळी मॉडेलं काढली, त्यांच्या नावाच्या शेवटी 'आयएन' लावलेलं असे. यामाहाने 'पीएसआर-आय' ही मालिका काढली. त्यांत तबला, तंबोरा, सतार, शहनाई, हार्मोनियम, केरवा, दादरा, भांगडा असं सगळं आलं. २०१९ साली यामाहाचा चेन्नईचा कारखाना सुरू झाला आणि कीबोर्ड भारतातच बनू लागले. म्हणजे ज्या यंत्राला पेटीची नक्कल म्हणून नाकं मुरडली गेली, त्यातच हार्मोनियम हा आता एक आवाज आहे! वरच्या दर्जाच्या काही कीबोर्डांत प्रत्येक स्वर थोडा वरखाली करण्याची सोय असते. म्हणजे गंधार ते १४ सेंट खाली आणता येतो. देवलांना ज्यासाठी खास पेटी घडवून घ्यावी लागली, ते आता मेनूत तीन बटणांवर आहे. किती लोक ती बटणं दाबतात हा प्रश्न वेगळा. दुसरीकडे पेटीवाल्यांनीही हार मानलेली नाही. सूर घासून गंधार उतरवलेल्या पेट्या अनेक वादक वापरतात, आणि डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्ष वाजवून दाखवली आहे.

स्वस्त कीबोर्डवर सुरुवात केलेल्यांचं पुढे काय झालं? आपल्या तुकडीपुरतं सांगायचं तर, बहुतेकांचं काहीच नाही. दहावी आली, क्लास लागले, खोकं माळ्यावर गेलं. तिघे-चौघे पेटीकडे वळले. त्यांना पहिले सहा महिने भात्याने छळलं, बोटं तयार होती आणि श्वास नव्हता. एक जण गिटारकडे गेला आणि त्याला कॉर्ड आधीच ठाऊक असल्याचा फायदा झाला. एक मैत्रीण आता लहान मुलांना शिकवते, कीबोर्डवरच, ठेका बंद ठेवून. आणि बाकीच्यांना, ज्यांचं 'काहीच झालं नाही' असं मी म्हटलं, त्यांना गाणं ऐकताना खालचा बेस वेगळा ऐकू येतो, अंतरा पट्टी बदलून आला तर कळतं. पेटी विकत घेणं, गुरू शोधणं, रियाजाला बसणं हे ज्या घरांत कधी घडलं नसतं, तिथे एवढं तरी आत शिरलं ते त्या वाढदिवसाच्या भेटीमुळे. त्याला खरं वाद्य म्हणायचं की नाही हे मी आकाशवाणीवर सोपवतो. त्यांना ठरवायला तीस वर्षं लागतात.

२०१९ साली कंपनीने 'कॅसिओटोन' हे १९८० चं नाव पुन्हा नव्या कीबोर्डांना दिलं आहे. तुमच्या मुलांना ते आवडेल न आवडेल. पण तुमचा जुना कॅसिओ माळ्यावर असेल तर एक काम करा. खाली काढा आणि आधी मागचं झाकण उघडून सेल काढून टाका. फुटलेल्या सेलचं पाणी पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकतं. पट्ट्या गंजल्या असतील तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून कोरड्या करा. ॲडॉप्टर हाताला येईल तो लावू नका, किती व्होल्टचा आणि मधल्या पिनेला धन की ऋण हे वाद्याच्या मागे छापलेलं असतं ते आधी वाचा. काही पट्ट्या मुक्या झाल्या असतील तर बहुधा वाद्य मेलेलं नसतं. पट्ट्यांच्या खाली रबराची पट्टी असते, तिचे काळे ठिपके आणि त्याखालची पाटी यांच्यात धूळ बसलेली असते. स्क्रू काढून ते ठिपके कोरड्या मऊ कापडाने हलके पुसले तर निम्म्याहून अधिक पट्ट्या बोलू लागतात. स्केचपेनने लिहिलेलं सा रे ग म मात्र स्पिरिट लावूनही जात नाही, प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं.